शंभर फुटांवरची पायली

"नगर जिल्ह्यात पाणबुड्या? म्हणजे कोरड्या विहिरीत सूर मारायचा का?"

हा प्रश्न मला माझ्या लग्नाच्या बैठकीत पहिल्यांदा विचारला गेला आणि निवृत्तीच्या सत्कारात शेवटचा. विचारणाऱ्यांना बोल लावत नाही. माझं गाव पारनेर तालुक्यातलं. तिथं पाऊस पाहुण्यासारखा यायचा, म्हणजे चहा घ्यायच्या आत निघायचा. नौदलात भरती झालो तेव्हा मला पोहताही येत नव्हतं. बारा वर्षांनी बाहेर पडलो तो पाणबुड्या होऊन, आणि मग धरणांच्या दारांवर अडकलेले ओंडके काढणं, पाण्याखालच्या झडपा तपासणं या कामाला लागलो. लोकांना वाटतं, पाणबुड्या म्हणजे मोती काढणारा. मी उभ्या आयुष्यात दोन मेलेल्या म्हशी, एक इंजिन आणि एका सरपंचांचा चष्मा काढला. चष्मा सापडला तेव्हा सरपंच म्हणाले, "ह्यो माझा न्हाई, पन नंबर बरोबर हाय," आणि घालून निघून गेले.

नोकरीचा सगळा पाढा म्हणत बसत नाही. सांगायची आहे ती नोकरीबाहेरची, रविवारची गोष्ट. ती एकाहत्तरच्या हिवाळ्यातली आहे.

नगरमध्ये तेव्हा डॉक्टर मुकुंद साठे नावाचे दातांचे डॉक्टर होते. वय चाळीस, अंगानं भक्कम, आवाज मोठा. एक परदेशी इंजिनिअर मायदेशी परत चालला होता. त्याच्याकडून त्यांनी पाण्याखाली श्वास घ्यायचे दोन सेट आणि हवा भरायचा पेट्रोलवरचा छोटा कंप्रेसर विकत घेतला. दुसरा सेट त्यांनी त्यांचे शाळासोबती भालेराव वकील यांच्या पाठीवर चढवला. वकील किडकिडीत, गार पाण्यानं अंघोळ करायची म्हटलं तरी तारीख मागून घेणारे. हे दोघे माझ्या घरी आले.

"रंगनाथराव, आम्हाला खोल जायचंय," डॉक्टर म्हणाले. "शंभर फूट."

"कशासाठी?"

"हौस!"

"मला नाही," वकील म्हणाले. "पण याला एकट्याला जाऊ दिलं तर हा परत येणार नाही, आणि माझी बत्तीशी अर्धी झालीय. बाकीची कोण बसवणार?"

राजूरच्या पुढं डोंगरात एक धरण आहे, तिथं मी कामासाठी उतरत असे. तळाशी, शंभर फुटांवर, बांधकामाच्या वेळी राहून गेलेली एक लोखंडी ट्रॉली मी पाहिली होती. ती हात लावून परत यायची, असं ठरलं. मी एकच अट घातली. पाठीवरच्या मोठ्या सिलिंडरखेरीज प्रत्येकाजवळ एक वेगळा, स्वतःच्या नळीचा राखीव सिलिंडर पाहिजे. माझे दोन्ही कामाचे होतेच.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांना दोन गोष्टी सांगायला हव्यात. त्या काळी आमच्या सेटना पाण्यात हवा किती उरली ते दाखवणारा काटा नव्हता. काटा काठावर लावायचा, बघायचा, काढून ठेवायचा. खाली गेल्यावर श्वास जड यायला लागला की समजायचं, संपत आली. मग सिलिंडरच्या बाजूची एक दांडी ओढायची, म्हणजे मागं धरून ठेवलेली थोडी हवा सुटायची. पण ही दांडी कशाला तरी अडकून आधीच ओढली गेली, तर ती मागची हवा तुमच्या नकळत खर्चात पडते आणि शेवटी ओढायला काही उरत नाही. म्हणून वेगळा सिलिंडर.

आणि दुसरी गोष्ट, खोल पाण्यात हवा उधळपट्टी करते. वर एका श्वासाला जेवढी लागते, त्याच्या चौपट शंभर फुटांवर लागते, कारण पाण्याच्या दाबानं ती दाबली जाते. काठावर तासभर पुरणारा सिलिंडर तिथं पाव तासात संपतो.

इंजिनिअरनं सेटबरोबर तीन राखीव सिलिंडर दिले होते. एक मनगटाएवढा, एक मांडीएवढा आणि एक चांगला लहान मुलाच्या धडाएवढा. डॉक्टरांच्या घरी ओट्यावर ते ओळीनं मांडले होते. डॉक्टरांच्या पत्नी, सुमनवहिनी, चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "हे काय, चिपटं, अधोली आणि पायली?"

धान्याच्या मापांची ती नावं त्या सिलिंडरना चिकटली ती चिकटलीच. मापं काही तंतोतंत जुळत नव्हती, पण विचार जुळत होता.

डॉक्टरांनी चिपटं उचललं. खिशात बसतंय का पाहिलं. "हे छान आहे. सुटसुटीत."

वकिलांनी पायली मांडीवर घेतली आणि तिच्यावर हात ठेवून बसले.

"यातलं कोणतं घ्यायचं ते आवडीवर नाही," मी म्हणालो. "तुम्ही घाबरल्यावर किती हवा पिता, त्यावर आहे."

"मी घाबरत नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि एवढंच असेल तर मित्राच्या दवाखान्यातून ऑक्सिजनचा सिलिंडर आणतो. शुद्ध प्राणवायू!"

मी हात जोडले. शुद्ध ऑक्सिजन तीस फुटांच्या खाली विष होतो. माणसाला झटके येतात. "डॉक्टर, तो दवाखान्यात प्राण देतो आणि तिथं प्राण घेतो. आपल्याला साधी हवाच पाहिजे." वहिनींनी डॉक्टरांकडे असं पाहिलं की तो विषय पुन्हा निघाला नाही.

मग मोजमाप सुरू झालं. अंगणातल्या हौदात पाण्यानं भरलेला हंडा उपडा धरायचा, खालून रबरी नळी घालायची आणि नाकाला चिमटा लावून माणसानं श्वास त्या नळीत सोडायचा. हवेनं हंडा रिकामा झाला की एक हंडा. दोघेही खुर्चीवर बसून मिनिटाला एकेक हंडा भरले. कुंपणावरून पाहणाऱ्या शेजाऱ्यांनी डॉक्टरांना दमा झाला असं गावभर सांगितलं, त्यामुळे दोन दिवस लोक दात काढायला येण्याऐवजी त्यांना काढे सांगायला येत होते.

"झालं! मिनिटाला एक हंडा," डॉक्टर म्हणाले.

"हा खुर्चीतला हंडा झाला. पाण्यातला बघू."

नगरजवळ गंगाराम आबांचा मळा होता. त्यांची विहीर चांगली भरलेली. आबांनी आम्हाला परवानगी दिली ती एका बोलीवर, की खाली झरा कुठल्या अंगाला आहे ते मी बघून सांगायचं. पौष महिन्यातली सकाळ, पाणी दातांना कळा आणणारं. दोघांना मी दहा फुटांवर दोर धरून पाच मिनिटं बसवायचं ठरवलं. आत जाण्याआधी काटा पाहायचा, बाहेर आल्यावर पाहायचा, मधला फरक, त्यातून दहा फुटांच्या दाबाचा वाटा वजा करून, म्हणजे खर्च.

घाबरवण्यासाठी मी काहीच योजलं नव्हतं. ते काम विहिरीनं केलं. तिसऱ्या मिनिटाला कपारीतून हातभर लांबीची एक दिवड निघाली. दिवड, म्हणजे पाणसाप, बिनविषारी असते, पण ते तिच्या तोंडावर लिहिलेलं नसतं. ती दोघांच्या मधून सावकाश पोहत गेली, डॉक्टरांच्या काचेसमोर थांबली आणि आत कोण आहे ते बघू लागली.

वर काठावर माझ्या शेजारी उभे आबा ओरडले, "आरं, पानी उकळाया लागलं!"

एका बाजूला बुडबुड्यांचा नुसता फवारा उठला होता. दुसऱ्या बाजूला मात्र आधीसारखेच, सुपारीएवढे, मोजून मापून बुडबुडे येत होते. काठावरून मला वाटलं, फवारा वकिलांचा. दिवडीचं नंतर कळलं. बाहेर आल्यावर काटा लावला. वकिलांनी मिनिटाला दीड हंडा वापरला होता. डॉक्टरांनी तीन.

"काटा खराब आहे," डॉक्टर म्हणाले.

मी काटा बदलला. दुसरा काटाही तेवढाच खराब निघाला.

"अहो, तुम्ही घाबरला कसे नाहीत?" मी वकिलांना विचारलं.

"घाबरलो ना. फार घाबरलो," वकील थरथरत म्हणाले. "पण समोरचा वकील बोलत असताना आपला श्वास वाढू द्यायचा नाही, यावरच माझं पोट चालतं. वीस वर्षांची सवय."

हिशेब मी तिथंच विहिरीच्या काठावर, मातीत काडीनं मांडला. शंभर फुटांवर हवा संपली, तर भानावर यायला एक मिनिट. डॉक्टरांचे तीन हंडे, चौपट म्हणजे बारा. मग वर यायचं ते हळूहळू, आपल्या सगळ्यांत बारक्या बुडबुड्याच्या मागं राहून, त्याला ओलांडायचं नाही. श्वास रोखायचा नाही, नाहीतर छातीत फुगलेली हवा फुप्फुस फाडते. यात दोन मिनिटं आणि, वर येताना दाब उतरत जातो म्हणून, पंधरा हंडे. शेवटी दहा फुटांवर तीन मिनिटं थांबायचं, कारण रक्तात मुरलेली हवा एकदम सुटली तर गोटी सोड्याची बाटली फोडल्यासारखी फसफसते. तिथल्या थोड्या दाबासकट आणखी बारा. एकूण एकोणचाळीस. चिपट्यात बारा हंडे मावत, अधोलीत चाळीस, पायलीत ऐंशीच्या वर.

"मग मला अधोली पुरते!" डॉक्टर म्हणाले. "चाळिसात एकोणचाळीस बसतात."

"डॉक्टर, विहिरीत दहा फुटांवर दिवड बघून तीन हंडे. शंभर फुटांवर अंधारात किती, ते मला माहीत नाही. तुम्हाला पायली. वकिलांना अधोली भरपूर होते."

डॉक्टरांचा चेहरा पडला. दिवडीपुढं वकिलांनी बाजी मारली हे त्यांना आधीच लागलं होतं, त्यात आता वकिलांच्या दुप्पट मोठा सिलिंडर त्यांच्या काखेत येणार होता. पण वहिनी ठाम होत्या. त्यांनी पायलीसाठी जाड कॅनव्हासचा पट्टा शिवला आणि वर दोन टाके जास्त घातले.

माघ लागल्यावर एका रविवारी आम्ही धरणावर गेलो. नाव चालवायला भागा होता, तिथल्याच डोंगरवाडीचा, माझ्या नेहमीच्या कामातला सोबती. मला वाटलं होतं चार माणसं असतील. डॉक्टरांनी नगरहून फोटोग्राफर आणला होता आणि राजूरच्या बाजारला निघालेली पन्नासएक माणसं काठावर बसली होती.

डॉक्टर रबरी पोशाख घालून उभे राहिले. काखेत पायली लटकावली. फोटोग्राफर म्हणाला, "डॉक्टरसाहेब, ते पिंप जरा मागं घेता का? त्याच्याआड तुम्ही दिसत नाही."

गर्दीतून कोणीतरी विचारलं, "त्या बारक्या वकिलाला ल्हान आन् ह्या गड्याला मोठं का?"

"ज्याला भ्या जास्त, त्याला मोठं," दुसऱ्यानं उत्तर दिलं. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्यानं आपल्या अकलेनं ओळखलं होतं. सगळे हसले.

डॉक्टरांनी पायली काढली. "रंगनाथराव, ही मला एका बाजूला ओढते. पोहता येत नाही. अधोली द्या, पायली भाल्या घेईल."

"ठरलं काय होतं?" मी म्हणालो.

"हिशेब तुमचाच ना? चाळिसात एकोणचाळीस."

पन्नास माणसं बघत होती. फोटोग्राफर ताटकळला होता. वकील मुकाट्यानं पायलीचा पट्टा स्वतःच्या खांद्यावर चढवत होते. आणि मी "बरं" म्हणालो. नौदलात बारा वर्षं, धरणांवर पुढची सगळी, या काळात मी पाण्याखाली चुका केल्या असतील, पण माझी सर्वांत मोठी चूक मी कोरड्या जमिनीवर उभं राहून केली.

दोरानं तिघे खाली गेलो. पहिले वीस-तीस फूट हिरवं, मग करडं, मग संध्याकाळ. गारठा हाडापर्यंत. ट्रॉली दिसली. चिखलात अर्धी रुतलेली. दोघांनी तिला हात लावला. ठरल्याप्रमाणे पाच मिनिटांनी मी वर चलायची खूण केली. पण डॉक्टर ट्रॉलीच्या बाजूला काही अक्षरं दिसतात का म्हणून हातानं गाळ पुसायला लागले. पाण्याखालचा गाळ पुसायचा नसतो. क्षणात सगळं काळं झालं. मला माझा हातही दिसेना.

दोराला चाचपत मी डॉक्टरांच्या बाजूला गेलो. बुडबुड्यांचा आवाज येत होता, विहिरीतल्यापेक्षा किती तरी मोठा. आणि मग तो आवाज थांबला. माझा हात त्यांच्या दांडीवर गेला. दांडी खाली होती. ट्रॉलीला घासून ती कधी ओढली गेली, कोणाला कळलं नव्हतं. मागची हवाही संपली होती.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांची मानली पाहिजे. त्या अंधारात, छाती रिकामी असताना, त्यांनी शिकवलं होतं तसंच केलं. तोंडातली नळी टाकली, अधोलीची शोधली, तोंडात घातली. बुडबुडे पुन्हा सुरू झाले. मी त्यांचा कमरपट्टा एका हातानं, दोर दुसऱ्या हातानं धरला आणि वर निघालो. वकील आमच्या खालून येत होते.

डॉक्टरांना सुटायचं होतं. मी धरून ठेवत होतो. ते लाथा मारत होते, आणि मारणाऱ्याला हवा जास्त लागते. दहा फुटांवर दोराला गाठ होती, तिथं थांबलो. वर नावेचा तळ दिसत होता, उजेड होता, अगदी हाताशी. मी तीन बोटं दाखवली, तीन मिनिटं. डॉक्टरांनी डोळे मोठे केले आणि मान हलवली. नाही. मग त्यांनी गळ्यावरून आडवा हात फिरवला. अधोली संपली होती. थांबायला लागून एक मिनिटही झालं नव्हतं.

माझ्या दोन्ही हातांत एक दोर आणि एक डॉक्टर होते. डॉक्टर सोडले तर ते श्वास रोखून वर उसळणार, आणि मग छातीचं काय होईल ते मला माहीत होतं. दोर सोडला तर दोघेही उसळणार. तेवढ्यात बाजूनं एक किडकिडीत हात आला. वकिलांनी पायलीची नळी डॉक्टरांच्या तोंडाशी नेली, आत बसवली, आणि दुसऱ्या हातानं त्यांच्या खांद्यावर थोपटायला लागले. कोर्टाच्या व्हरांड्यात घाबरलेल्या अशिलाला थोपटतात तसं. दोन मिनिटं ते थोपटत होते. बुडबुडे हळूहळू लहान झाले.

वर आलो तर भागा नावेत वाकून बघत होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज नेहमीचाच. "डाक्टर, तुमी खाली काय रांधत व्हता? इतकं आदन उकळलं, आमी म्हनलं आता भात टाकावा."

कोणीच हसलं नाही. मग वकील हसले, आणि डॉक्टर पायलीला मिठी मारून रडायला लागले. फोटोग्राफरनं नेमका तोच फोटो काढला.

परतीच्या वाटेवर राजूरला चहाला थांबलो. नगरला वहिनी दारातच उभ्या होत्या. त्यांनी पट्टा पाहिला. तो वकिलांच्या मापाला ओढून बांधलेला होता. त्यांना दुसरं काही सांगावं लागलं नाही.

"रंगनाथराव, तुम्ही होतात ना तिथं?" त्या म्हणाल्या.

"होतो, वहिनी. आणि मीच हो म्हणालो."

त्यांनी पायली उचलली आणि आत गेल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मला वाटलं, संपली हौस. पुढच्या रविवारी सकाळी दार वाजलं. बाहेर डॉक्टर. गाडी घरी ठेवून, पायली खांद्यावर मारून, भर बाजारातून चालत आले होते. वाटेत लोकांनी विचारलंच असणार, आणि त्यांनी सांगितलंही असणार.

"विहिरीपासून शिकवा," ते म्हणाले. "पहिल्यापासून."

उन्हाळा लागेपर्यंत दर रविवारी ते गंगाराम आबांच्या विहिरीत दोर धरून बसले. आबा काठावर बसून बुडबुडे मोजायचे आणि जास्त झाले की ढेकूळ टाकून इशारा द्यायचे. दिवड येऊन जायची. चैत्रापर्यंत डॉक्टर दीड हंड्यावर आले. तरीही पुढच्या वेळी धरणावर गेलो तेव्हा त्यांनी अधोलीकडे पाहिलंही नाही. त्यानंतर दुष्काळाची वर्षं आली, विहिरी आटल्या, कंप्रेसर विकला गेला आणि माणसं आपापल्या कामाला लागली.

काही वर्षांनी माझी दाढ दुखायला लागली. मला सुईची आणि त्या गुरगुरणाऱ्या यंत्राची लहानपणापासून भीती. महिनाभर लवंग धरून काढला आणि शेवटी साठे डॉक्टरांच्या खुर्चीत जाऊन बसलो. पूर्वी त्यांच्याकडे गेलेले लोक सांगत, हा माणूस एका हातानं जबडा धरतो आणि दुसऱ्या हातानं काम उरकतो. मी दोन्ही हातांनी खुर्ची धरली. डॉक्टर यंत्र घेऊन जवळ आले, वाकले, आणि माझ्या भरभर वरखाली होणाऱ्या छातीकडे बघत थांबले. मग त्यांनी यंत्र परत ताटलीत ठेवलं, स्टूल ओढलं आणि माझ्या शेजारी बसले.

"बाहेर चार पेशंट आहेत," मी म्हणालो.

"असू देत," डॉक्टर म्हणाले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून खिडकीबाहेर बघत बसले.